तळघरातून : बाटल्या का फुटतात, आणि इतर पत्रं

घरी बिअर करणाऱ्यांची पत्रं या खेपेला भरपूर आली, पण बहुतेकांत एकही आकडा नाही. ‘ताई, बिअर बिघडली, काय करू?’ एवढ्यावर मी काय सांगणार? फर्मेंटर, म्हणजे आंबवायची बादली, किती तापमानाला ठेवला होता, हायड्रोमीटरचं रीडिंग (द्रवाची घनता, साखर आंबते तशी उतरणारी) सुरुवातीला किती होतं, बाटलीत भरताना किती होतं, फेसासाठी साखर किती घातली, हे चार आकडे लिहा. विस्कॉन्सिनला येण्याआधी मी भारतात एका डेअरीच्या प्रयोगशाळेत होते. दुधात पाणी घातलंय का, हे लॅक्टोमीटर बघितल्याशिवाय तिथं कुणी बोलत नसे. हायड्रोमीटर हे तसंच उपकरण आहे, फक्त पट्टी वेगळी. ऑनलाइन महागडी यंत्रं बघत बसण्याआधी तो आणि एक बरा थर्मामीटर घ्या.

मी लिटर, ग्रॅम आणि सेल्सिअसमध्येच लिहिते. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

पँट्रीत ठेवलेल्या बाटल्यांपैकी काही एका रात्रीत फुटल्या, काच भिंतीपर्यंत उडाली. सुरुवातीचं रीडिंग १.०५२ होतं. एअरलॉकमधले (बादलीतला वायू बाहेर सोडणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले तेव्हा बाटल्या भरल्या. साखर पुस्तकात दिली तेवढीच. कुठं चुकलं, आणि उरलेल्या बाटल्यांचं काय करू? — एडिसन, न्यू जर्सी

आधी उरलेल्या बाटल्या. उघड्या हातांनी त्यांच्याजवळ जायचं नाही. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा कोट, डोळ्यांवर प्लास्टिकचा चष्मा. खोक्यावर जुनी गोधडी किंवा ब्लँकेट टाका आणि तसंच उचलून गॅरेजमध्ये न्या. न्यू जर्सीची थंडी सध्या तुमच्या उपयोगाची आहे, कारण बिअर गार झाली की वायू जास्त विरघळतो आणि दाब उतरतो. एक अख्खा दिवस गार होऊ द्या. मग मोरीत, प्रत्येक बाटलीवर टॉवेल टाकून, झाकण हळूच सैल करा आणि बिअर ओतून द्या. ‘दोन-चार वाचतील का बघते’ हा मोह नको.

आता कारण. बुडबुडे थांबले म्हणून भरली, हे तुमचं वाक्य मला दर महिन्याला कुणाच्या ना कुणाच्या पत्रात भेटतं. बादलीचं झाकण नीट बसलं नसेल तर वायू कडेनं निघून जातो आणि एअरलॉक गप्प बसतो, आत काम चालू असतं तरीही. उलट खोली तापली की नुसता विरघळलेला वायू बाहेर पडून एअरलॉक बुडबुडत राहतो, आत काम संपलेलं असतं तरीही. एअरलॉक हे झाकण आहे, मापक नव्हे.

१.०५२ वरून निघालेली साधी एल (उबदार तापमानाला आंबणारी बिअर) बहुतेक यीस्टबरोबर १.०१२-१.०१३ च्या आसपास थांबायला हवी. तुम्ही नोव्हेंबरात भरली, घरात हीटिंग नुकतं सुरू झालं होतं असं लिहिता. थंड कोपऱ्यात यीस्ट मध्येच झोपलं असणार, समजा १.०१८ वर. मग बाटल्या उबदार पँट्रीत आल्या, यीस्ट जागं झालं आणि उरलेली साखर खायला बसलं, ती मात्र आता बंद बाटलीत.

हिशोब असा. बिअरमधला वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर कार्बन डायऑक्साइड मावलाय ते. एलला २.४ च्या आसपास छान. साधी तपकिरी बाटली तीनपर्यंत निभावून नेते, पुढं जुगार. हायड्रोमीटरवरचा एक अंश, म्हणजे ०.००१, बाटलीत उतरला की साधारण अर्धा व्हॉल्यूम वायू तयार होतो. १.०१८ वरून १.०१३ म्हणजे पाच अंश, म्हणजे अडीच व्हॉल्यूम. त्यात बिअरमध्ये आधीच विरघळलेला वायू आणि तुम्ही मुद्दाम घातलेल्या साखरेचा धरून झाले जवळपास पाच. साखर बरोबरच होती, पण आत आधीच त्याहून जास्त साखर शिल्लक होती.

पुढच्या वेळी तीन दिवसांच्या अंतरानं दोन रीडिंग घ्या. दोन्ही सारखी आणि अपेक्षेजवळ असतील तरच भरा. सारखी आहेत पण वरच अडकली आहेत, तर फर्मेंटर २० अंश सेल्सिअसच्या खोलीत आणा, हलकेच हलवा आणि आणखी आठवडा थांबा. नमुना परत बादलीत ओतू नका, पिऊन टाका, चव कळते. १९ लिटरला साखर ११० ग्रॅमच्या आसपास, थोड्या पाण्यात उकळून, सगळ्या बिअरमध्ये एकजीव करून. बाटलीत चमचा-चमचा घालणारे लोक आहेत. त्यांच्या एका बाटलीत सरबत आणि दुसरीत कारंजं निघतं.

आणि फिरवून उघडायच्या झाकणाच्या बाटल्या वापरू नका. त्यांची काच पातळ असते, आणि घरच्या कॅपरनं बसवलेलं झाकण त्यांच्या आट्यांवर नीट बसत नाही.

ह्यूस्टनमध्ये एसी लावूनही घर २६ अंशांवर असतं. बिअर पिता येते, पण थिनरसारखा झटका लागतो आणि दुसऱ्या दिवशी डोकं धरतं. खास फ्रिज घ्यायला बायको तयार नाही. — ह्यूस्टन, टेक्सास

बायको बरोबर आहे, निदान या वर्षी तरी. खोली २६ असली तरी बादलीत २६ नसतं. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं आणि पहिल्या दोन-तीन दिवसांत आतलं तापमान खोलीपेक्षा तीन ते पाच अंश वर जातं. म्हणजे तुमचं साधं एल यीस्ट तिशीत काम करतंय. त्याला १८ ते २० हवं. तापलं की ते जड अल्कोहोल बनवतं, तोच तो थिनर.

स्वस्त उपाय असा. मोठ्या टबात पाणी, त्यात फर्मेंटर, फर्मेंटरला जुना सुती टी-शर्ट घालून त्याची कड पाण्यात बुडलेली, समोर पंखा. पाण्यात सकाळ-संध्याकाळ गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या. ह्यूस्टनच्या दमट हवेत पंख्याचा उपयोग कमीच, बर्फाच्या बाटल्यांचा जास्त. पहिले तीन-चार दिवस हे सांभाळलं की झालं. चव काय बिघडायची ती तेव्हाच बिघडते.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. नॉर्वेच्या पश्चिमेला शेतकऱ्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या राखलेलं ‘क्वाइक’ नावाचं यीस्ट आहे. लाकडी कड्या जोडून केलेली एक माळ असते, ती आंबणाऱ्या बिअरमध्ये बुडवायची, यीस्टसकट सुकवायची आणि पुढच्या खेपेपर्यंत टांगून ठेवायची. आपल्याकडे विरजण राखतात, तोच संसार. व्हॉस गावाकडचं क्वाइक ३५ अंशांच्या वरही सुखानं काम करतं, काही दिवसांत आटोपतं आणि संत्र्याच्या सालीसारखा वास देतं. आता त्याची सुकी पाकिटं मिळतात. उन्हाळाभर तेच वापरा. हिवाळ्यात घर गार झालं की मग बाकीचे लाड.

बिअरला दवाखान्याचा वास येतो. — सॅन होजे

एका ओळीचं पत्र, पण निदान पुरतं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन किंवा क्लोरामाइन माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या जवातल्या) घटकांशी जुळलं की बँडेजपट्टीचा वास येतो. क्लोरीन उकळून जातं, क्लोरामाइन सहज जात नाही. दोन्ही घालवायला वाइनवाल्यांच्या दुकानात कॅम्पडेनच्या गोळ्या मिळतात. १९ लिटर पाण्याला पाव गोळी, कुटून, ढवळून, काही मिनिटं. ही बॅच मुरवून सुधारणार नाही. फेकून द्या.

मी पुण्यात राहतो. इथं घरी बिअर करता येईल का? किट कुठून मागवू? — कोथरूड

नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी अधिनियम आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं हा त्याखाली गुन्हा आहे, स्वतःला प्यायला असलं तरी. ‘थोडीशीच’ अशी सूट त्यात नाही, आणि पोलिसांपुढं मी तुमची साक्षीदार होणार नाही. ताजी बिअर कशी लागते हे बघायचं असेल तर पुण्यात मायक्रोब्रुअरी आहेत. २००९ साली डूलाली पुण्यातच सुरू झाली. संध्याकाळची गर्दी नसताना जा. ब्रुअर मोकळा असला तर टाक्या दाखवतो आणि बोलायलाही त्याला आवडतं.

पण बिअरचं अर्धं काम यीस्ट घालण्याआधीच होतं, आणि ते अर्धं तुमच्या घरात आजीनं केलेलं असणार. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, सुकवायची, मोड चोळून काढायचे, दळायची. जगात कुठलाही माल्टवाला जवाचं हेच करतो. आमच्या विस्कॉन्सिनमध्ये चिल्टन गावी ब्रीसचा माल्टचा मोठा कारखाना आहे. तिथं हेच काम टनांवारी चालतं. मोड येताना धान्यात अमायलेज तयार होतं, आणि ते स्टार्च तोडून साखर करतं. बिअरचं सगळं गोडपण तिथून येतं, आणि पुढं यीस्ट तेच खातं.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा, कायदा आड येत नाही. साध्या नाचणीच्या पिठाची घट्ट पेज शिजवा, चमचा उभा राहील इतकी. गॅस बंद करून थर्मामीटर लावा आणि ६५ अंशांवर येऊ द्या. आता त्यात मोड आलेल्या नाचणीचं चमचाभर पीठ घालून ढवळा. एकच अट, ते पीठ भाजलेलं नको. सत्त्वासाठी आपण खमंग भाजतो, त्यात अमायलेज मरतं. काही मिनिटांत पेज पाण्यासारखी पातळ होईल. झाकून, टॉवेलात गुंडाळून तासभर ठेवा आणि चाखा. आधी आणि नंतर एकेक थेंब पांढऱ्या बशीत काढून त्यावर टिंक्चर आयोडीन टाका. स्टार्च असेल तिथं निळं-काळं होतं, साखर झाली असेल तिथं तपकिरी राहतं. आयोडीनची बशी धुऊन टाका, पेज प्या. घरात लहान बाळ असेल तर त्याच्या पेजेसाठी ही जुनी युक्ती आहे: पातळ असूनही पोटभरीची होते.

७५ अंशांवर हाच प्रयोग करा, मग ५० वर. तापमान हे या धंद्यात सगळं का आहे, ते दोन वाट्यांत कळेल. पुढं कधी परदेशी राहायला गेलात तर इतरांपेक्षा सहा महिने पुढं असाल.

बिअरमध्ये आपल्याकडचं काही घालायचंय. गूळ, कोकम, हापूसचा पल्प… कशानं सुरुवात करू? — बोस्टन

हापूस शेवटी. सगळ्यांना आधी तोच सुचतो आणि सगळ्यांची निराशा तोच करतो. डब्यातल्या पल्पमध्ये बहुतेकदा वरून साखर असते. ती सगळी आंबून जाते आणि निघणाऱ्या वायूबरोबर आंब्याचा वासही उडून जातो. मागं उरतो पिवळसर गढूळपणा. घालायचाच तर मुख्य आंबणं संपल्यावर घाला, आणि पुन्हा रीडिंग स्थिर होईपर्यंत बाटलीचं नाव काढू नका. एडिसनचं पत्र वाचलंत ना?

गूळ सोपा, पण अपेक्षा वेगळी ठेवा. गुळानं बिअर गोड होत नाही, कोरडी होते, कारण त्यातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट संपवतं. १९ लिटरमध्ये ४५० ग्रॅम गूळ म्हणजे रीडिंग आठ-नऊ अंशांनी वर आणि अल्कोहोल साधारण एक टक्क्यानं जास्त. उकळण्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत घाला. आच बंद करून विरघळवा, नाहीतर तळाशी बसून जळतो. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून गाळून घ्या. खडे आणि उसाची चिपाडं मी स्वतः काढलेली आहेत. गडद, तपकिरी एलमध्ये त्याची मागं रेंगाळणारी चव छान लागते.

सुरुवात मात्र कोकमानं करा. जर्मनीत गोस्लार गावची आणि नंतर लाइपझिगची गोजे नावाची आंबट बिअर आहे, तिच्यात मीठ आणि धणे घालतात. कोकम, मीठ, धणे: आमच्या मालवणच्या मावशीला विचारलं असतं तर तिनं दुसरं काही सांगितलं नसतं. हलकी, गव्हाची बिअर करा, हॉप्स (कडवटपणासाठीची फुलं) अगदी नावापुरते. शेवटच्या पाच मिनिटांत १५ ग्रॅम भरड धणे. आपले लांबट धणे इथल्या गोल धण्यांपेक्षा लिंबाकडं झुकणारे असतात, इंडियन स्टोअरमधलेच घ्या. मीठ १० ग्रॅमपासून सुरू करा. कोकम १०० ग्रॅम, पण आधी चाखून बघा: काही आमसुलं मिठात मुरवलेली असतात, तसं असेल तर वरचं मीठ घालूच नका. कोकम गरम पाण्यात भिजवून, तो अर्क आंबणं संपल्यावर थोडा थोडा घाला. पेल्यातल्या नमुन्यात आधी प्रमाण ठरवा. रंग असा येतो की मंडळातल्या बिअर न पिणाऱ्या बायकाही विचारतात.

आयपीए, म्हणजे इंडिया पेल एल, ही आपल्यासाठी बनवलेली बिअर, हे खरं का? — डेट्रॉइट

आपल्यासाठी नव्हे, ईस्ट इंडिया कंपनीच्या गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी. लंडनच्या बो भागातला बिअरवाला हॉजसन कलकत्त्याला जाणाऱ्या जहाजांवर पेल एल पाठवायचा, पुढं १८२२ पासून इंग्लंडातल्याच बर्टन गावच्या ऑलसॉपनं तो बाजार धरला. ऑलसॉपच्या माल्टवाल्यानं तिचा पहिला नमुना चहाच्या किटलीत केला, असं सांगतात. आपल्यासारख्या छोट्या बॅचवाल्यांनी ही गोष्ट जपावी. हिंदुस्थानसाठी तिचा शोध लागला हे मात्र सांगोवांगी. तशा फिकट, हॉप्सभरल्या बिअर इंग्लंडात आधीपासून होत्या, आणि हिंदुस्थानात आलेले साधे गोरे शिपाई तर काळी पोर्टर पीत.

मी मॅडिसनला एमएस करतोय. वर्ट (यीस्ट घालण्याआधीचा उकळलेला गोड काढा) गार व्हायला दोन तास लागतात. चिलर, म्हणजे वर्टमध्ये बुडवून आतून थंड पाणी सोडायची नळी, घरी बनवता येईल का? — मॅडिसन

येईल, आणि तू इंजिनिअर असशील तर एका शनिवारचं काम. तांब्याची मऊ नळी, पाऊण इंचाची नको, ३/८ इंचाची, ५० फूट. एखाद्या रंगाच्या डब्याभोवती हातानं हळूहळू गुंडाळ. नळी चेपू नये म्हणून आत बारीक मीठ भरून दोन्ही टोकं टेपनं बंद करतात, नंतर पाण्यानं धुऊन टाकतात. टोकांना प्लास्टिकची पारदर्शक नळी आणि क्लॅम्प. जोड भांड्याच्या बाहेर यायला हवेत, म्हणजे गळलंच तर नळाचं पाणी वर्टमध्ये पडणार नाही. पहिली चाचणी नुसत्या उकळत्या पाण्यात घे. बाहेर पडणारं पाणी सुरुवातीला कढत असतं. नळीचं टोक हातात धरून उभा राहू नकोस.

तुझं नशीब असं की विस्कॉन्सिनमध्ये जानेवारीत नळाचं पाणीच बर्फासारखं येतं. वर्ट ढवळत राहिलास तर वीस मिनिटांत काम होतं. टेक्सासवाल्यांना हे सुख नाही, त्यांना बर्फाच्या बादलीत पंप टाकावा लागतो. उकळणं संपायला पंधरा मिनिटं असताना चिलर भांड्यात सोड, निर्जंतुक व्हायची वेगळी खटपट नको. काळवंडला की चिंचेच्या कोळानं घास. आईला फोन करून विचारलंस तर ती हेच सांगेल, आणि मग तांब्याची नळी कशाला हवी, तेही विचारेल.

सासूबाई सहा महिन्यांसाठी येताहेत. बेसमेंटमधली बादली ‘गुडुक गुडुक’ करते. काय सांगू? — शिकागो

खरं सांगा. माझ्या सासूबाईंनी पहिल्या दिवशी तोंड फिरवलं, आठवड्यानं ‘आज फेस कमी दिसतोय’ असं मला वरून सांगायला लागल्या. फक्त एक करा: इडलीच्या पिठाचं भांडं आणि बिअरची बादली यांची अदलाबदल होऊ देऊ नका. प्लास्टिकच्या ओरखड्यांत आंबटपणाचे जिवाणू घर करून राहतात, नंतर कितीही घासा. इडली चांगली होईल, बिअर नाही.

गणपतीला मंडळात स्टॉल लावून घरची बिअर विकली तर? पैसे मंडळालाच. — अटलांटा

विकायची नाही. पैसे देवाला गेले तरी नाही. १९७८ साली कार्टर यांनी सही केलेल्या कायद्यानं घरची बिअर करमुक्त झाली ती फक्त स्वतःसाठी आणि घरच्यांसाठी: एका प्रौढाच्या घराला वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त प्रौढ असतील तर २००. त्यावर राज्याराज्यांचे वेगळे नियम. अलाबामा आणि मिसिसिपीनं तर २०१३ मध्ये परवानगी दिली. गणपतीच्या मांडवात बिअर हा विषय मी कायद्याशिवायही मिटवला असता. घरच्या जेवणाला बोलवा, बाटलीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा. बिनचिठ्ठीची तपकिरी बाटली फ्रिजमध्ये दिसली की मुलं तिला रूट बिअर (बिनदारूचं गोड पेय) समजतात.

मॅशनंतर (दळलेला माल्ट गरम पाण्यात भिजवून गाळल्यावर) इतका चोथा उरतो, टाकवत नाही. — सिएटल

कोरड्या माल्टच्या जवळपास दुप्पट वजनाचा ओला चोथा निघतो, आणि दुसऱ्या दिवशी वास मारतो. त्याच दिवशी थाळ्यांत पसरून ओव्हनमध्ये मंद आचेवर खडखडीत वाळवा आणि मिक्सरवर दळा. भाजणीत चार वाट्यांना एक वाटी, त्याहून जास्त नको, कोंडा घशात लागतो. थालीपीठ थापताना कांदा थोडा जास्त घाला आणि पीठ दहा मिनिटं भिजू द्या. उरलेलं कंपोस्टमध्ये, कोरड्या पानांबरोबर मिसळून. कुत्र्याची बिस्किटंही होतात, पण ज्याला हॉप्सचा स्पर्श झालाय असं काहीही कुत्र्याच्या तोंडाजवळ जाऊ देऊ नका. हॉप्सनं कुत्र्याचा ताप झपाट्यानं चढतो आणि जीवही जातो. उकळून झालेले हॉप्स कंपोस्टमध्ये उघडे टाकत असाल तर आजपासून बंद झाकणाच्या कचऱ्यात टाका.